टब तीन, बाल्कनी एक

पत्राचा गोषवारा: पुण्यात सातव्या मजल्यावर राहणारे ३८ वर्षांचे एक वाचक लिहितात: आठवड्यातून तीनदा धावतो, रविवारी अठरा-वीस किलोमीटर. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जिम. सातारा हिल हाफ मॅरेथॉननंतर चार दिवस जिना उतरता येत नव्हता, तेव्हापासून घरी कोल्ड प्लंज टब, म्हणजे व्यायामानंतर गार पाण्यात बसायचा टब, घ्यायचं डोक्यात आहे. तीन पर्याय काढलेत. घडी होणारा पीव्हीसीचा गोल टब, साडेसहा हजार. त्यात बर्फ टाकायचा. ओळखीच्या फॅब्रिकेटरने डीप फ्रीझरचा करून दिलेला टब, अडतीस हजार. आणि अर्ध्या एचपीच्या चिलरसकट (पाणी गार करणाऱ्या यंत्रासकट) तयार संच, एक लाख पासष्ट हजार; तो पाणी ३ अंशांपर्यंत गार करतो म्हणे, आणि त्यावर दिवाळीपर्यंत सवलत आहे. टब बाल्कनीत ठेवायचा. पत्नीला हे दोन महिन्यांचं खूळ वाटतं. बीपीची गोळी घेणारे ६७ वर्षांचे वडील मात्र उत्सुक आहेत. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. तिन्हींतला कोणता घ्यावा?

उत्तर:

तुम्ही जोडलेला तक्ता नीट आखलाय. त्यात किंमत, आकार, वॉरंटी आहे आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत ‘किमान तापमान’. त्या रकान्यात चिलरवाले ३ अंश दाखवून बाजी मारतात. पण तुमच्या कामासाठी हाच रकाना सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

व्यायामानंतर गार पाण्यात बसण्यावर २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला. त्यात १७ लहान अभ्यास होते आणि एकूण ३६६ माणसं. नुसत्या विश्रांतीपेक्षा स्नायूंचं दुखणं पुढचे काही दिवस कमी राहतं, एवढं त्यातून दिसलं. त्यातल्या बहुतेक अभ्यासांत पाणी १० ते १५ अंशांचं होतं. म्हणजे ज्या फायद्यासाठी तुम्ही टब घेताय तो १२-१४ अंशांवर मिळतो. ३ अंशांवर तो चौपट होतो असा पुरावा नाही. धोका मात्र वाढतो आणि बिलही.

‘डोपामिन अडीचशे टक्के वाढतं’ हे वाक्य तुम्ही पत्रात उद्धृत केलंय; डोपामिन म्हणजे उत्साहाशी जोडलं जाणारं मेंदूतलं रसायन. तो आकडा खरा आहे, २००० सालच्या एका अभ्यासातला. पण त्यातली माणसं १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत एक तास बसली होती. दोन मिनिटांच्या डुबकीला तो आकडा चिकटवणं हे विक्रेत्यांचं काम.

आता तुमच्या वेळापत्रकाकडे बघू. जिमहून आल्यावर लगेच टबात बसायचं असं तुम्ही ठरवलंय. ते करू नका. २०१५ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त एक अभ्यास आला होता. बारा आठवडे वजनं उचलणाऱ्यांपैकी जे व्यायामानंतर १० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसत, त्यांचे स्नायू आणि ताकद तसं न बसणाऱ्या गटापेक्षा कमी वाढली. स्नायू वाढवणारे शरीरातले संकेत गारव्याने मंदावतात, असं त्यात दिसलं. तेव्हा मंगळवार-शुक्रवार बाद. उरला रविवार, लाँग रननंतरचा. आणि हवीच तर एखाद-दुसरी सकाळ, निव्वळ ताजंतवानं वाटण्यासाठी. रोज वापरायचं यंत्र आणि आठवड्यातून दोनदा वापरायचं यंत्र यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तुमचा तक्ता रोजचा वापर धरून केलेला आहे.

आता तक्त्यात नसलेली गोष्ट: तुमच्या नळाचं पाणी किती गार आहे? स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आठवडाभर सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला बादलीत बुडवून लिहून ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी आणि तळटाकीतून नुकतंच चढवलेलं पाणी यांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टाकीचं पाणी १८ ते २१ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मे महिन्यांत ते तिशीकडे जातं.

यापुढचं गणित पाचवीतलं आहे. १०० लिटर पाणी १ अंशाने उतरवायला साधारण १ किलो १०० ग्रॅम बर्फ लागतो. टबात ३०० लिटर पाणी २८ अंशांचं असेल आणि ते १२ वर आणायचं असेल, तर ३ गुणिले १६ गुणिले १.१, म्हणजे ५२-५३ किलो. भिंतींतून येणारी उष्णता धरून साठ. एका डुबकीला साठ किलो बर्फ सातव्या मजल्यावर चढवायचा. हे एकदा झालं की माणूस टब विकायला काढतो, आणि दोष टबाला देतो.

तेच गणित जानेवारीत करा. २०० लिटर पाणी, १९ अंशांचं, १४ वर आणायचंय: २ गुणिले ५ गुणिले १.१, म्हणजे ११ किलो. हा बर्फ घरच्या फ्रीझरमध्ये होतो. दोन लिटरच्या सहा बाटल्या घ्या. पाणी प्रसरण पावतं म्हणून वरची तीन-चार बोटं जागा मोकळी सोडा. दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा, कारण घरचा फ्रीझर एका दिवसात आठ-दहा किलोपेक्षा जास्त पाणी गोठवू शकत नाही. एकदम कोंबलं तर बाहेरून बर्फ आणि आत पाणी राहतं, शिवाय दूध-भाजीचा कप्पाही तापतो. डुबकीच्या पाऊण तास आधी बाटल्या टबात सोडा आणि मधूनमधून हाताने पाणी ढवळा. न ढवळलं तर तळाशी गार आणि वर कोमट असे दोन थर राहतात आणि थर्मामीटर तुम्हाला फसवतो. बाटल्यांमुळे पाणी वाढत नाही, गढूळ होत नाही, आणि त्याच बाटल्या पुन्हा फ्रीझरमध्ये जातात. डुबकी रविवारी असेल तर बाटल्या शुक्रवारी भरा.

बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची झाली तर एक लक्षात ठेवा. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा करावा लागतो. तो पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असं नाही. अशा बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवू नका, अंगावर ताजी जखम असेल तर बसू नका, आणि ते पाणी त्याच दिवशी सोडून द्या.

थोडक्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात चिलरशिवाय भागतं आणि मार्च ते जून भागत नाही. पावसाळ्यात मधलं काहीतरी. नागपूर-अकोल्याच्या वाचकांनी उन्हाळा आणखी कडक धरावा. कोकणात आणि गोव्यात हिवाळ्यातही नळाचं पाणी फारसं उतरत नाही, त्यामुळे तिथे बाटल्यांचा उपाय तोकडा पडतो.

आता चिलर. एक लाख पासष्ट हजारांतले बहुतेक पैसे त्याचेच आहेत; टब हे त्याचं भांडं. ‘अर्धा एचपी’ म्हणजे कॉम्प्रेसर किती वीज घेतो त्याचा ढोबळ आकडा. पाण्यातून किती उष्णता काढतो, हे त्यावरून कळत नाही. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: पाणी १५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३५ अंशांवर असताना याची थंड करण्याची क्षमता किती वॅट? हवा जितकी तापलेली आणि पाणी जितकं गार, तितकी ही क्षमता घसरते. जाहिरातीतला आकडा बहुधा हवा २५ अंशांवर असतानाचा असतो. अर्ध्या एचपीचं चांगलं यंत्र ८०० ते १००० वॅटच्या घरात उष्णता काढतं असं धरा. ३०० लिटर पाणी २८ वरून १२ वर आणायला साडेपाच युनिटांहून थोडी जास्त उष्णता काढावी लागते (एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर). म्हणजे कागदावर सहा-सात तास, आणि एप्रिलच्या दुपारी त्याहून बरेच जास्त. ‘दोन तासांत गार’ असं कोणी म्हणालं, तर किती लिटर, कुठून कुठपर्यंत आणि बाहेर किती तापमान, हे व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळ आकडे आपोआप खाली येतात.

टब निवडताना खरा फरक इन्सुलेशनचा पडतो. एकपदरी पीव्हीसीचा टब बाल्कनीत ३२ अंशांच्या हवेत १२ अंशांचं पाणी घेऊन उभा असेल, तर त्याच्या भिंतींतून साधारण अडीचशे वॅट उष्णता सतत आत येत राहते. पन्नास मिलिमीटर पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेल्या दुहेरी भिंतीच्या टबात तीच गळती वीस-पंचवीस वॅटवर येते, तीही झाकणाला तेवढंच जाड इन्सुलेशन असेल आणि ते कडांना घट्ट बसत असेल तर. झाकण म्हणून नुसतं कापड असेल तर भिंतीतल्या पीयूएफचे पैसे वाया. एकपदरी टबाला चिलर जोडला की तो दिवसभर पुन्हापुन्हा चालू होत राहतो. पंप धरून दिवसाला चार-एक युनिट जातात. इन्सुलेटेड टबात दोनच्या आसपास. महिन्याला साठ-सत्तर युनिटांचा फरक.

याची किंमत काढताना बिलाची सरासरी घेऊ नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि टबाची वीज तुमच्या सध्याच्या वापराच्या डोक्यावर बसते. उन्हाळ्यात एसीमुळे तुम्ही तीनशेच्या पुढे जात असाल, तर टबाचं प्रत्येक युनिट त्या वरच्या दराने पडणार. आठवड्यातून दोनदाच वापर असेल तर चिलर कायम चालू ठेवण्याऐवजी आदल्या रात्री टायमरवर लावणं स्वस्त पडतं. त्याची दुसरी बाजू अशी, की मधले दिवस पाणी कोमट राहतं आणि त्याची स्वच्छता जास्त कडक ठेवावी लागते. तिच्याकडे पुढे येतो.

आधी बाल्कनी, कारण इथे पत्रातला सगळ्यांत मोठा धोका आहे आणि त्यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो. त्यात तुम्ही ७० आणि टब-चिलर ४०-५०: चारशेच्या वर. पाऊण मीटर व्यासाच्या गोल टबाखाली जागा अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या घराची बाल्कनी डिझाइन करताना धरायचा भार ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो. खोल्यांसाठी २०० किलो. तुमचा टब तेवढ्या तुकड्यावर चौरस मीटरला नऊशे किलोच्या हिशेबाने बसतो. याचा अर्थ बाल्कनी उद्या पडेल असा नाही, कारण तो आकडा सगळ्या बाल्कनीवर पसरलेल्या भाराचा आहे. पण बाहेर झुललेल्या बाल्कनीत कठड्याजवळ ठेवलेलं वजन भिंतीलगत ठेवलेल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. शिवाय जुन्या इमारतीत सळ्या गंजल्या आहेत का, हे बाहेरून दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून इमारतीचा नकाशा दाखवा आणि जागा त्यालाच ठरवू द्या. त्याची फी टबाच्या किमतीत धरा. तो नाही म्हणाला तर तिन्ही पर्याय तिथेच संपले, मग तळमजल्यावर किंवा सोसायटीच्या परवानगीने दुसरीकडे जागा शोधावी लागेल. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकालाही आधी विचारावं.

बाल्कनीला काचेची स्लायडिंग लावली असेल तर चिलर तिथे गुदमरतो. पाण्यातून काढलेली सगळी उष्णता, त्यात स्वतःची वीज मिळवून, तो हवेत फेकतो. ती गरम हवा कोंडली की तोच ती पुन्हा ओढतो, क्षमता घसरते आणि शेवटी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. पंख्यापुढे निदान दीड-दोन फूट मोकळं हवं आणि बाहेर जायला वाट हवी. रात्री तो वाजतोही. खालच्या-वरच्यांच्या खिडक्या कुठे उघडतात ते बघून ठेवा. पावसाळ्यात १२ अंशांच्या पाइपांना घाम सुटतो, कारण हवेतला दमटपणा विशीच्या वरच्या पृष्ठभागावरही जमतो. पाइपांवर एसीवाले वापरतात ती काळी नायट्राइल नळी चढवा, नाहीतर खालच्या घराच्या छताला ओल येईल आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघेल.

वीज: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवर स्वतंत्र प्लग, तपासलेलं अर्थिंग, आणि प्लग टबात बसून हात पोहोचणार नाही एवढा लांब. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर वीज गेली नाही तर टब बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

इथेच फ्रीझरच्या टबाचा निकाल लागतो. डीप फ्रीझर आत माणूस आणि पाणी असेल या हिशेबाने बनवलेला नसतो. त्याच्या आतल्या पत्र्यामागेच गॅसच्या नळ्या असतात. सांध्यांत पाणी शिरलं की पत्रा गंजतो, नळीला भोक पडलं की गॅस जातो, आणि दुरुस्ती होत नाही. थर्मोस्टॅट उणे अंशांसाठी असतो. बाहेरून कंट्रोलर लावला आणि तो बिघडला तर भिंतीवर बर्फाचा थर धरतो. या सगळ्यावर कडी म्हणजे धातूच्या पेटीत पाणी, पाण्यात माणूस आणि पेटीला २३० व्होल्ट. बसण्याआधी दर वेळी प्लग काढायचा असं फॅब्रिकेटर सांगेल. जी सुरक्षितता एका माणसाच्या आठवणीवर टांगलेली आहे, ती सहा वर्षांच्या मुलीच्या घरात चालणार नाही. वरून जड झाकण, जे आतून उघडत नाही. अडतीस हजार वाचवा.

पाण्याची निगा कोणत्याही टबाला चुकत नाही. गारव्याने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. टबात उतरण्याआधी साबणाने आंघोळ करा. घाम, तेल आणि सनस्क्रीन घेऊन कोणी उतरलं की पाणी दोन दिवसांत बुळबुळीत होतं. फिल्टर नसलेल्या टबातलं पाणी एक-दोन वापरांत बदला. फिल्टर असेल तर पाण्यातलं मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा, त्यासाठीच्या पट्ट्या स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. तिथेच एसडीआयसी नावाची क्लोरीनची पूड मिळते. ३०० लिटरला २ पीपीएमसाठी ती एक ग्रॅमहून जराशी जास्त लागते, तेव्हा चमच्याचा अंदाज नको. सोनं तोलतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या. ब्लीचिंग पावडरचा चुना चिलरमध्ये साचतो आणि टीसीसीए या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या गोळ्या पाणी आम्लधर्मी करून धातू खातात. दोन प्रकारची क्लोरीनची रसायनं एकाच डब्यात किंवा चमच्याने कधीही एकत्र करू नका, पेट घेऊ शकतात. ओझोन आणि यूव्ही चांगले असतात, पण त्यांचा परिणाम पाणी त्यांच्यातून जाईपर्यंतच. टबात टिकणारं काहीतरी लागतंच. क्लोरीनमुळेच स्टीलच्या टबात ३०४ आणि ३१६ या स्टीलच्या दोन प्रकारांत फरक करायचा. ३०४ वर काही महिन्यांत तपकिरी टिकल्या पडू शकतात. चिलरमधला उष्णता बदलणारा भाग टायटॅनियमचा असेल तर उत्तम. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यावर पांढरे थर चढतात, प्रवाह कमी होतो, आतलं पाणी गोठतं आणि तो भाग फुटतो. फिल्टर तुंबल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून प्रवाह कमी झाला की आपोआप बंद पडण्याची सोय चिलरमध्ये आहे का, ते विचारा.

पाणी सोडायची वाटही बघून ठेवा. बाल्कनीतला नहाणी ट्रॅप लहान असतो. तीनशे लिटर एकदम सोडलं तर पाणी दिवाणखान्यात येतं. तोटीला नळी जोडून हळू सोडा, किंवा बादल्यांनी फ्लशला वापरा. मे महिन्यात सोसायटी टँकर मागवत असताना दर आठवड्याला तीनशे लिटर गटारात सोडणं शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येईल, आणि ते बरोबरच आहे. चिलर बंद असताना टब उघडा राहिला तर डेंग्यूच्या डासांना याहून चांगली जागा नाही. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की नोटीस तुमच्या नावाने निघते.

वडिलांबद्दल स्पष्ट सांगतो. त्यांनी या टबात बसू नये. ‘बाबा आयुष्यभर गार पाण्यानेच आंघोळ करतात’ हे तुमचं म्हणणं वाचलं. पण तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी आणि छातीपर्यंत एकदम वेढणारं पाणी यांचा शरीरावरचा आघात सारखा नसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास हिसकल्यासारखा आत ओढला जातो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब आणि नाडी उसळते. बीपीच्या रुग्णाला ही उसळी महागात पडू शकते, आणि काही गोळ्या हृदयाचा यावरचा प्रतिसादच बदलतात. हृदयविकार, हृदयाचे अनियमित ठोके, फिट्स, गर्भारपण, मधुमेहाने बधिर झालेले पाय, थंडीत बोटं पांढरी पडणं किंवा गार पाण्याने अंगावर गांधी उठणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तुम्हीही चाळिशीला टेकलाय. बीपी मोजून आणि डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करा. वडिलांना उत्साहच असेल, तर नेहमीच्या आंघोळीवरच थांबवा.

तुम्ही स्वतः १५-१६ अंशांवर सुरू करा, एक ते दोन मिनिटं. पाय, मग कंबर, मग छाती, असं अर्ध्या मिनिटात उतरा, उडी नको. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. आधी जोरजोरात श्वास घेऊन दम कोंडण्याचे प्रकार पाण्यात करायचे नाहीत, त्यात शुद्ध हरपते. डोकं पाण्याबाहेर. पाच-सहा वेळा केल्यावर तो पहिला झटका बराच कमी होतो; मग वेळ हळूहळू पाच मिनिटांवर न्या. दहाच्या पुढे जायचं कारण नाही. बाहेर आल्यावर शरीराचं आतलं तापमान आणखी काही वेळ उतरत राहतं, म्हणून लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका; चक्कर येते. अंग पुसा, कोरडे कपडे, थोडं चालणं. घरात हाकेच्या अंतरावर कोणीतरी मोठं माणूस हवं, दाराला कडी नको. काठाची उंची दोन-अडीच फूट असते आणि बधिर पायांनी ओल्या फरशीवर उतरायचं असतं, तेव्हा रबरी मॅट आणि पक्कं स्टूल. मुलीसाठी कुलूप लावता येईल असं झाकण, आणि ते नसेल तर वापर झाल्या झाल्या टब रिकामा. स्टूल बाल्कनीत कधीही सोडू नका, कठडा तिथेच आहे.

तर कोणता टब? आत्ता तिन्हींतला एकही जसाच्या तसा नको. इंजिनिअरने होकार दिला तर दुहेरी भिंतीचा, इन्सुलेटेड, जाड झाकणाचा साधा टब घ्या, २०० ते २५० लिटरचा. त्याला चिलर जोडायची दोन तोंडं कंपनीनेच दिलेली हवीत. नंतर भोक पाडलेला टब गळतोच. घेण्याआधी दुकानात आत बसून बघा: गुडघे दुमडून खांदे पाण्याखाली येतात का? तुम्ही बसल्यावर साठ-सत्तर लिटर पाणी वर चढतं, म्हणून २५० लिटरच्या टबात १८० भरायचं. केमिकल कंपनीतून आलेले जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात. आत काय होतं हे कळत नाही, घेऊ नका.

हिवाळाभर बाटल्यांवर चालवा आणि दर वेळी तारीख, तापमान, मिनिटं कॅलेंडरवर लिहा. पत्नीच्या शंकेचं उत्तर त्या कॅलेंडरवर मिळेल, आणि ते तिच्या बाजूनेही असू शकतं. तेवढंही करायचं नसेल तर शॉवर आहेच. नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या २०१६ सालच्या अभ्यासात आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार शॉवर घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. आजारी दिवस मात्र तेवढेच होते. म्हणजे लोक आजारी पडले, पण कामावर गेले!

फेब्रुवारीतही कॅलेंडर भरतंय असं दिसलं, तर चिलर तेव्हा घ्या. दिवाळीची सवलत गेली म्हणून हळहळू नका. हिवाळ्यात या यंत्रांना गिऱ्हाईक कमी, तेव्हा घासाघीस करायला वाव असतो. चिलर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच असावा. परदेशातून कोणी ११० व्होल्टचा आणून देत असेल तर नको. कॉम्प्रेसरची वॉरंटी किती आणि पंपाची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या, कारण आधी पंप जातो. आत कोणता गॅस आहे ते विचारा; आर-२९० असेल तर तो ज्वलनशील आहे, बंद बाल्कनीत चालणार नाही. आणि गॅस भरायला माणूस पुण्यातून येणार की यंत्र खोक्यात घालून परराज्यात पाठवावं लागणार, याचं उत्तर पैसे देण्याआधी घ्या.